गायक गट सोडून सोलो अल्बम काढतो, म्हणजे नेमकं काय करतो?

मे २०२५ मध्ये टेलर स्विफ्ट या अमेरिकी गायिकेनं स्वतःच्या पहिल्या सहा अल्बमांचे हक्क विकत घेतले. बातमी वाचून अनेकांना एकच प्रश्न पडला: स्वतः लिहिलेली, स्वतः गायलेली गाणी स्वतःलाच विकत का घ्यावी लागतात? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र तिच्यापेक्षा एका जुन्या तबकडीत शोधलेलं सोपं पडतं. तिथं गाण्याचे, वाजवण्याचे, छापण्याचे आणि पैशाचे बहुतेक धागे एकाच माणसाच्या हातात होते, त्यामुळे एकेक धागा सुटा करून पाहता येतो.

ती तबकडी म्हणजे ‘कर्टिस’. सप्टेंबर १९७०, शिकागो. गायक, गीतकार, गिटारवादक, निर्माता सगळं एकच: कर्टिस मेफील्ड, वय २८. ‘द इम्प्रेशन्स’ या गटात बारा वर्षं काढल्यावर त्यानं स्वतःच्या नावावर काढलेला हा पहिला अल्बम. आठ गाणी, जेमतेम चाळीस मिनिटं. बिलबोर्ड साप्ताहिकाच्या मुख्य अल्बम यादीत तो १९ व्या क्रमांकापर्यंत चढला. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या संगीताची जी वेगळी यादी असे, तिच्यात तो एकूण पाच आठवडे पहिला होता.

आधी ‘सोल’ म्हणजे काय ते पाहू

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये गायलं जाणारं भक्तिसंगीत म्हणजे गॉस्पेल. त्याची ठेवण आपल्याला परकी वाटू नये. कीर्तनात बुवा ओळ टाकतात, मागचे टाळकरी ती उचलतात, बुवा पुन्हा वर चढवतात, सभामंडप तापत जातो. गॉस्पेलमध्येही मुख्य गायक हाक देतो, बाकीचे साद देतात, आणि भावना अनावर झाली की शब्द सुटून नुसता सूर उरतो. ही गायकी चर्चच्या दाराबाहेर आणायची, देवाच्या जागी प्रेयसी, शहर, पगार, अपमान असे विषय ठेवायचे आणि खाली नाचता येईल असा ठेका द्यायचा, की झालं सोल. १९५० च्या दशकाच्या मध्यावर रे चार्ल्स या गायकानं हे उघडपणे केलं तेव्हा चर्चवाल्यांना ते रुचलं नव्हतं.

मेफील्ड याच वाटेनं आला. आजीच्या चर्चमध्ये गाणं, मग लहान वयातच एका गॉस्पेल गटात जेरी बटलर या मित्राबरोबर गाणं, आणि १९५८ मध्ये दोघं इम्प्रेशन्समध्ये. पहिलं गाजलेलं गाणं निघालं तेव्हा मेफील्ड सोळा वर्षांचा होता आणि मुख्य आवाज बटलरचा होता. बटलर लवकरच बाहेर पडला आणि पुढाकार मेफील्डकडे आला. १९६० च्या दशकाच्या बहुतेक काळात गट तिघांचा होता: सॅम गुडेन, फ्रेड कॅश आणि मेफील्ड. १९६५ चं ‘पीपल गेट रेडी’ त्यांचंच. नागरी हक्कांच्या चळवळीत ते गाणं मोर्च्यांत गायलं जाई.

तो आधीपासूनच लिहीत होता, मग सोलोत नवं काय?

ही पहिली शंका, आणि ती बरोबर जागी बोट ठेवते. इम्प्रेशन्सची बहुतेक गाणी मेफील्डचीच होती. ‘सोलो’ या शब्दामुळे वाटतं की आता तो एकटा गायला, एकट्यानं वाजवलं. प्रत्यक्षात ‘कर्टिस’वर गटाच्या काळाइतकीच, किंबहुना जास्त गर्दी आहे: व्हायोलिनचा ताफा, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, हार्प (अनेक तारांची उभी वीणा), ड्रम्स, कॉंगा (हातानं वाजवायचा उंच, एकतोंडी ढोल). बाहेर गेली ती फक्त दोन माणसं.

वेगळी चूल मांडणं म्हणतो ना आपण, तसंच हे. वेगळी चूल मांडली म्हणून कुणी एकटा जेवत नाही, पाहुणे उलट वाढतात. बदलतं ते एवढंच की आज काय शिजणार, तिखट किती आणि वाण्याचं बिल कुणाच्या नावावर, हे आता एकाच माणसाला ठरवायचं असतं. पुढचे सगळे मुद्दे या तीन प्रश्नांभोवतीच फिरतात.

दोन आवाज गेले की पोकळी कशानं भरायची

तिघांच्या गायनात मुख्य गायकाला फार चिंता नसते. तो दमला, ओळ सोडली, तर दुसरा उचलतो. तीन आवाज एकमेकांच्या वर-खाली लागले की ऐकणाऱ्याच्या कानात जागा भरून जाते. एकटं गायचं म्हटल्यावर ती भरलेली जागा एकदम रिकामी होते.

मेफील्डची अडचण दुप्पट होती, कारण त्याचा आवाज मुळात बारीक. तो बहुतांश फॉल्सेटोत गायचा. पुरुषाच्या नेहमीच्या आवाजात स्वररज्जू पूर्ण जाडीनं थरथरतात. फॉल्सेटोत त्या ताणून पातळ होतात आणि मुख्यतः कडाच हलतात. आवाज उंच आणि हवेशीर होतो, पण त्यात दणका नसतो. ओटिस रेडिंगसारखा दणकट आवाजाचा सोल गायक ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारख्या पितळी वाद्यांच्या छातीवर पाय देऊन गाऊ शकत असे. मेफील्डनं तसं केलं असतं तर पहिल्या ओळीतच तो बुडाला असता.

इथं संगीत संयोजक कामाला येतो. कुठलं वाद्य कुठं आणि कुठं नाही, हे कागदावर मांडणारा तो. या अल्बमवर ते काम रायली हॅम्पटन आणि गॅरी स्लाबो यांनी केलं. हॅम्पटन शिकागोतला मुरलेला माणूस, एटा जेम्स या गायिकेच्या ‘ॲट लास्ट’ या गाण्यातली तंतुवाद्यं त्याचीच. त्यांची युक्ती ऐकताना सहज पकडता येते. मेफील्ड गात असतो तेव्हा ब्रास गप्प. त्याची ओळ संपली, श्वास घेतला, की ब्रासचा तुकडा येतो आणि पुढच्या ओळीआधी बाजूला होतो. आवाजाच्या खालचा भाग बेस गिटार आणि कॉंगानं धरलेला, वरचा भाग हार्प आणि व्हायोलिननं, आणि मधली पट्टी गाण्यासाठी मोकळी. म्हणजे हाक आणि साद तीच, फक्त साद देणारे दोन मित्र जाऊन तिथं वाद्यं आली.

‘द मेकिंग्ज ऑफ यू’ या हळव्या गाण्यात हे सगळ्यात स्वच्छ ऐकू येतं. त्यात ठेका जवळजवळ विरघळलेला आहे आणि तंतुवाद्यं गायकाला अक्षरशः पाळण्यात घातल्यासारखी धरतात.

घरी गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्यांची नेमकी चूक इथंच होते. आवाज नाजूक आहे म्हणून त्याची पातळी वाढवायची, मग वाद्यं बारीक वाटतात म्हणून ती वाढवायची, मग पुन्हा आवाज. शेवटी सगळंच कर्कश होतं. आवाज वाढवण्याआधी त्याच उंचीवर वाजणारं वाद्य त्या जागेतून काढून पाहावं.

काळ्या पट्ट्यांची गिटार

हा भाग जरा सविस्तर, कारण पेटी माहीत असलेल्या मराठी वाचकाला तो इंग्रजी वाचकापेक्षा लवकर कळेल.

गिटारच्या सहा तारा जगभर साधारण एकाच पद्धतीनं लावतात: जाड तारेपासून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई. मेफील्ड स्वतःच शिकला, आणि त्यानं गिटार लावली ती पियानोच्या काळ्या पट्ट्यांवरून. त्याच्या तारा अशा: एफ शार्प, ए शार्प, सी शार्प, एफ शार्प, ए शार्प, एफ शार्प. आपल्या पेटीच्या भाषेत एफ शार्प म्हणजे काळी तीन, ए शार्प म्हणजे काळी पाच, सी शार्प म्हणजे काळी एक. काळी तीनचा षड्ज धरला तर सहा तारा होतात सा, ग, प, सा, ग, सा. म्हणजे डाव्या हाताचं एकही बोट न लावता नुसता उजवा हात फिरवला तरी एक पूर्ण, गोड स्वरसमूह वाजतो. आडवं बोट दांडीवर जसं सरकवाल तसा तोच स्वरसमूह चढत-उतरत जातो.

याचा ऐकण्यात फरक काय पडतो? नेहमीच्या लावणीत स्वरसमूह बदलताना बोटं उचलावी लागतात. इथं एक बोट आडवं धरून दुसऱ्या-तिसऱ्या बोटानं मधल्या तारांवर छोट्या हरकती घेता येतात, बाकीच्या तारा गुंजत राहतात. त्याच्या गिटारमधून येणारी ती पाण्यासारखी झुळझुळ बरीचशी या लावणीची आहे.

करून पाहायचं असेल तर बेतानं. नेहमीच्या लावणीवरून जायचं तर सहावी आणि पहिली तार दोन-दोन अर्धस्वर वर, पाचवी एक अर्धस्वर वर, आणि चौथी, तिसरी, दुसरी एकेक अर्धस्वर खाली. तुटते ती बहुधा पहिली, बारीक तार, कारण तिच्यावर ताण वाढतो. जुन्या तारांवर हा प्रयोग नकोच. सुरक्षित वाट अशी की सगळंच दोन अर्धस्वर खाली लावायचं (ई, जी शार्प, बी, ई, जी शार्प, ई) आणि दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारी पकड, चढवायची. तारा थोड्या ढिल्या लागतील, पण दांडीवर भार येणार नाही. नेहमीच्या लावणीतले शिकलेले सगळे स्वरसमूह या गिटारवर चुकीचे वाजतात, हे आधीच लक्षात घ्या. मेफील्डची गिटार हातात घेऊन दुसऱ्या वादकाला चटकन काही वाजवता येत नसे, ते यामुळेच.

पावणेनऊ मिनिटांचं गाणं आणि तबकडीचं गणित

दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं ‘मूव्ह ऑन अप’. लांबी ८ मिनिटं ४५ सेकंद. त्या काळी रेडिओसाठी गाणं तीन मिनिटांच्या आसपास असावं लागे, कारण सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या तबकडीवर फार लांब गाणं दणक्यात बसत नसे आणि रेडिओवाल्यांना जाहिरातींसाठी वेळ हवा. इम्प्रेशन्सचा भर त्या छोट्या तबकडीवरच होता. ‘पीपल गेट रेडी’ तीन मिनिटांच्या आतच संपतं.

एलपी म्हणजे बारा इंची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी मोठी तबकडी. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं आरामात बसतात. त्याहून जास्त कोंबलं तर खाचा एकमेकींच्या जवळ आणाव्या लागतात, आणि त्या एकमेकींत घुसू नयेत म्हणून आवाज आणि बेस कमी करावा लागतो. ‘कर्टिस’ची एक बाजू साडेएकवीस मिनिटांच्या आसपास, दुसरी एकोणिसाच्या आत. म्हणजे मर्यादेत, पण पहिली बाजू काठावर.

आणखी एक बारकावा आहे. तबकडी सतत एकाच गतीनं फिरते, पण बाहेरच्या खाचेचा घेर मोठा आणि आतल्या खाचेचा लहान. त्यामुळे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, मध्याजवळ जेमतेम २१. तोच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोरायचा म्हटल्यावर तो फाटतोच. म्हणून जोरकस गाणी बाजूच्या सुरुवातीला आणि मवाळ गाणी शेवटी ठेवणं शहाणपणाचं. या अल्बमचा क्रम या हिशेबात चपखल बसतो. पहिली बाजू दणदणीत बेसच्या गाण्यानं उघडते, दुसरी ‘मूव्ह ऑन अप’नं, आणि पहिली बाजू संपते ती संथ सुरांवर. मोबाइलवर ऐकताना दोन्ही बाजूंमधली ती पलटी जाते. चौथ्या गाण्यानंतर मिनिटभर थांबून पाहा, पाचवं गाणं वेगळंच भिडतं.

पण पावणेनऊ मिनिटं करायचं काय? ‘मूव्ह ऑन अप’मध्ये शब्द लवकर आटोपतात. मग ब्रास, ड्रम्स आणि कॉंगा यांचं राज्य सुरू होतं. ‘मास्टर’ हेन्री गिब्सनच्या कॉंगा ऐका.  ड्रम्सचा मुख्य ठेका सरळ धावत असतो आणि कॉंगा त्याच्या फटींत बसते, ढोलकीवाला लावणीच्या ठेक्यात तुकडे पेरतो तशी. गाणं पुढं ‘जात’ नाही, तापत जातं. तीन मिनिटांच्या कापलेल्या आवृत्तीत हे सगळं जातं आणि उरतं एक छान, उत्साही गाणं. दोन्ही लागोपाठ ऐकली तर कात्री काय करते ते कळेल.

लांब गाणी करणारा तो पहिलाच, असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं. ते खरं नाही. आयझॅक हेजनं १९६९ मध्ये चारच गाण्यांचा सोल अल्बम काढला होता आणि त्यात बारा मिनिटांचं गाणं होतं. मेफील्डचं वेगळेपण लांबीत नाही. लांबी कशासाठी वापरली, त्यात आहे.

विषय: हे गटात चाललं असतं का?

गटातही त्यानं धाडस केलं होतं. काळ्या लोकांना ‘आपण जिंकणारे आहोत’ असं सांगणारं इम्प्रेशन्सचं गाणं काही रेडिओ केंद्रांनी लावायला नकार दिला होता. पण गटाच्या गाण्यांत सभ्यतेची एक इस्त्री होती. कोट-टाय घातलेले तिघे, उपदेश गोड आवाजात.

‘कर्टिस’ सुरू होतो तो ती इस्त्री चुरगाळूनच. आधी बेस गिटार, ‘फझ’ केलेली. फझ म्हणजे आवाजाच्या लहरींची टोकं मुद्दाम छाटायची. छाटलेल्या लहरीत वरचे उपस्वर तयार होतात, आवाज खरखरीत होतो, आणि छोट्या ट्रान्झिस्टरवरही बेस ऐकू येतो. एरवी त्या इवल्याशा स्पीकरमधून खालचे सूर गायबच होतात. त्या बेसवर बायबलातल्या शेवटच्या पुस्तकाविषयी बोलणारा एका बाईचा आवाज, मग प्रतिध्वनी दिलेली मेफील्डची हाक. काळे, गोरे, कुणालाच न सोडता, रस्त्यावरच्या शिव्यांसकट. मग एक किंकाळी आणि गाणं. सार असं: खाली नरक असेलच तर आपण सगळेच तिकडं चाललोय. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचं नावही त्यात आहे. एवढं असून याची कापलेली आवृत्ती कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत तिसरी आणि मुख्य यादीत २९ वी आली.

त्याच बाजूचं शेवटचं गाणं, ‘वी द पीपल हू आर डार्कर दॅन ब्लू’, हे या अल्बमचं काळीज आहे. सहा मिनिटं. सुरुवात शोकगीतासारखी संथ, आणि रोख गोऱ्यांवर नाही, आपल्याच लोकांवर: आपसातली हिंसा, कातडीच्या उजळ-सावळ्या छटांवरून एकमेकांना तोलणं. हा दुसरा विषय मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको. मध्येच संथ गाणं तुटतं, कॉंगा उसळतात, लय वाढते, आणि पुन्हा सगळं जागच्या जागी येऊन शांत होतं. गटाच्या तीन मिनिटांत ही मोडतोड मावलीच नसती.

‘मिस ब्लॅक अमेरिका’ त्यामानानं साधं आणि मला विचाराल तर अल्बममधलं सर्वांत हलकं गाणं. पण त्याचा संदर्भ पक्का आहे. काळ्या मुलींना जागाच नसलेल्या राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेला उत्तर म्हणून ‘मिस ब्लॅक अमेरिका’ ही स्पर्धा सप्टेंबर १९६८ मध्ये अटलांटिक सिटीत झाली. मुख्य स्पर्धेत पहिली काळी स्पर्धक उतरली ती १९७० मध्ये, हा अल्बम निघाला त्याच सप्टेंबरात.

आता बिल कुणाच्या नावावर?

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. एका गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. एक, गाणं: शब्द आणि चाल. दुसरी, त्या गाण्याचं विशिष्ट दिवशी, विशिष्ट आवाजात झालेलं ध्वनिमुद्रण. त्याला मास्टर म्हणतात.

आजीची लोणच्याची रीत आणि बरणीतलं लोणचं, असा हा फरक. रीत आजीची. पण कैऱ्या, तेल, मोहरी ज्यानं विकत आणली, बरणी त्याची. संगीताच्या धंद्यात कैऱ्या-तेलाचा खर्च, म्हणजे स्टुडिओचं भाडं आणि वादकांची मजुरी, कंपनी करते आणि बरणी आपल्याकडे ठेवते. टेलर स्विफ्टचं हेच झालं. रीत तिची होती, म्हणून तिला तीच गाणी पुन्हा मुद्रित करता आली. जुन्या बरण्या मात्र तिच्या नव्हत्या, त्या विकत घ्याव्या लागल्या.

रीतीचं उत्पन्न कसं येतं? १९०९ च्या अमेरिकी कायद्यानं दर ठरवला होता: विकल्या गेलेल्या प्रत्येक तबकडीमागे, प्रत्येक गाण्याला २ सेंट. हा दर १९७८ पर्यंत तसाच होता. आठ गाण्यांचे झाले १६ सेंट. एक लाख तबकड्या खपल्या तर पूर्ण दरानं १६,००० डॉलर. रूढ वाटणी निम्मी गीतकार-संगीतकाराला आणि निम्मी प्रकाशकाला. गाण्याच्या धंद्यातला प्रकाशक म्हणजे गाण्याची नोंद, परवाने आणि वसुली पाहणारा. प्रकाशक परका असेल तर ८,००० डॉलर गेले. प्रकाशनसंस्था तुमचीच असेल तर सगळे घरात. कंपन्या करारात हा दर दाबूनही घेत, म्हणून हे आकडे कमाल समजा.

गाणाऱ्याचं मानधन मात्र वेगळ्या खिशातून येतं आणि तिथं मेख आहे. उदाहरणादाखल धरा, अल्बमचा खर्च ३०,००० डॉलर आणि गायकाचा वाटा प्रत्येक तबकडीमागे २५ सेंट. कंपनी आधी स्वतःचा खर्च गायकाच्या वाट्यातून वसूल करते. म्हणजे १,२०,००० तबकड्या खपेपर्यंत गायकाच्या हाती एक सेंटही नाही. गीतकाराला पहिल्या तबकडीपासून मिळत असतं. करारातलं सर्वांत घातक कलम म्हणजे दोन्ही खिसे एकत्र शिवणारं. त्यानं गाणाऱ्याचं देणं लिहिणाऱ्याच्या उत्पन्नातून वळतं करून घेता येतं. सही करण्याआधी वकिलाला हे एवढं एक कलम शोधायला सांगितलं तरी फी वसूल होते. आणखी एक विचित्र गोष्ट: अमेरिकेतली नेहमीची रेडिओ केंद्रं आजही गीतकार आणि प्रकाशकालाच पैसे देतात, गायकाला आणि मास्टरच्या मालकाला नाही.

भारतात २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमातल्या गाण्यांच्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क निर्मात्याला किंवा कंपनीला लिहून देता येत नाही, तसा करार केला तरी तो चालत नाही. १९६० च्या शिकागोत अशी ढाल नव्हती. मेफील्डनं ती स्वतःच बनवली, आणि क्रम पाहण्यासारखा आहे. विशी उलटण्याच्या सुमारास त्यानं आधी प्रकाशनसंस्था काढली. मग दोन छोटी लेबलं, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या कंपन्या, काढून पाहिली, ती टिकली नाहीत. १९६८ मध्ये एडी थॉमस या व्यवस्थापकाबरोबर ‘कर्टम’ हे लेबल, दोघांच्या नावांतली अक्षरं जोडून. सोलो अल्बम सगळ्यात शेवटी, १९७० मध्ये. आधी रीत, मग बरणी, मग स्वतःचं नाव. बहुतेक गायक उलट्या दिशेनं जातात: आधी गट सोडतात, घाईत मिळेल त्या कंपनीशी करार करतात आणि कागद दहा वर्षांनी वाचतात.

म्हणजे तो पूर्ण स्वतंत्र झाला?

नाही. तबकड्या छापून घेणं, गावोगावच्या दुकानांत पोचवणं आणि दुकानदारांकडून पैसे गोळा करणं, याला वितरण म्हणतात, आणि ते काम न्यू यॉर्कच्या बुद्दा रेकॉर्ड्सकडे होतं. कांदा तुमच्या शेतातला, पण गाडी आणि आडत दुसऱ्याची. हिशेब कधी येणार, तुटलेल्या आणि परत आलेल्या मालाची वजावट किती, हे आडत्याच सांगतो. शिवाय लेबल स्वतःचं म्हणजे तोटाही स्वतःचा. गायकानं आजारी पडायचं नाही, कारण त्याच्या गळ्यावर पगार अवलंबून असतात.

‘मूव्ह ऑन अप’ अमेरिकेत गाजलंच नाही, मग एवढं कौतुक कशाला?

खरंच नाही गाजलं. छोट्या तबकडीवर आलेली आवृत्ती अमेरिकेत कुठल्याच यादीत चढली नाही. ब्रिटनमध्ये मात्र १९७१ मध्ये ती १२ व्या क्रमांकावर गेली. १९८२ मध्ये द जॅम या ब्रिटिश गटानं हे गाणं पुन्हा गायलं. आणि २००५ मध्ये कान्ये वेस्टच्या ‘टच द स्काय’मध्ये त्यातला ब्रासचा तुकडा संथ करून वापरला गेला. जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा उचलून नव्या गाण्यात बसवण्याला सॅम्पल म्हणतात.

ही चोरी नाही का, असं अनेक जण विचारतात. परवानगीशिवाय केलं तर आहेच. पण परवानगी दोन ठिकाणी घ्यावी लागते हे आता ओळखीचं वाटेल: रीतीच्या मालकाकडून आणि बरणीच्या मालकाकडून. नवं गाणं लिहिणाऱ्यांच्या यादीत मेफील्डचं नाव आहे. म्हणजे यादीत न चढलेलं गाणं पस्तीस वर्षांनी दुसऱ्याच्या गाण्यातून आपला वाटा वसूल करू लागलं. मेफील्ड ते पाहायला नव्हता. १९९० मध्ये ब्रुकलिनमधल्या एका खुल्या कार्यक्रमात दिव्यांचा सांगाडा अंगावर कोसळून तो मानेखाली लुळा झाला, गिटार कायमची सुटली. शेवटचा अल्बम त्यानं आडवं पडून, एकेक ओळ करत मुद्रित केला. १९९९ च्या डिसेंबरात तो गेला.

आणि मागे राहिलेल्या गटाचं?

मुख्य माणूस गेल्यावर गट बुडतो, असा समज आहे. इम्प्रेशन्स बुडाला नाही. मेफील्डच्या जागी लेरॉय हटसन आला, काही वर्षांनी तोही गेला, आणि १९७४ मध्ये गटाचं एक गाणं कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत थेट पहिलं आलं. ते मेफील्डनं लिहिलेलं नव्हतं, त्यात त्याचा आवाजही नव्हता. तबकडीवरचं लेबल तेवढं त्याचं होतं: कर्टम.